कोंडाबाईचं टोक

आम्ही वाल सोलत बसलो होतो. माघातले, शेवटच्या तोडणीचे वाल. शेंगा जरा निबर झाल्या होत्या, अंगठ्यानं दाबल्या तरी उघडत नव्हत्या. ती उंबऱ्याला टेकून, मी ओट्यावर, मधे सूप. दिवस लोणावळ्याच्या डोंगराआड गेला की मळवलीत गारठा अंगावर पडतो, तसा तो पडायला लागला होता. मी ज्या बंगल्यावर माळी आहे त्याचे मालक दुसऱ्या दिवशी मुंबईहून यायचे होते. त्यांना ओल्या वालाची उसळ लागते. त्यांच्यासाठी चाललं होतं.

कोंडाबाईनं डोक्याभोवती पदर गुंडाळला होता. दोन दिवस खोकला होता तिला. सोलता सोलता तिनं रोजच्यासारखं विचारलं, "सांगा, आज वरचं टोक काय नि खालचं काय?"

मी म्हटलं, "वरचं म्हंजे वाल भरल्याले निगाले. खालचं म्हंजे तुजा खोकला. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"मंग गोठ्यात जाऊन निजा. बैल खोकत न्हाई."

"आता तुजं सांग."

तिनं हाताचा पंजा दाखवला, थांबा म्हणून. तोवर तिनं तापाची कांडी जिभेखाली धरली होती. तोंडात कांडी असली की तेवढाच वेळ ती गप्प असायची, म्हणून मला ती कांडी आवडायची. मी किडके वाल वेगळे काढत बसलो. तिनं कांडी काढली, उरलेल्या उजेडाकडं धरली, बोटात हळू फिरवली, बघितली.

"किती?"

"हाय थोडा."

एवढं बोलून तिनं कांडी तिच्या नळीत घातली, देवळीत ठेवली आणि भात टाकायला आत गेली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मी तिला इंद्रायणीवर पोचवून परत आलो होतो.

मला लिहायची सवय नाही. दुसरी शिकलोय. बंगल्यात काय संपलं त्याची चिठ्ठी मालकाला लिहायची, तेवढंच माझं लिहिणं. पण तिच्याबद्दल लोक काहीबाही सांगतात. कोणी म्हणतं तिच्या हाताला गुण होता, कोणी म्हणतं अंगात येत होतं. तसलं काही नव्हतं. म्हणून लिहितो.

तिच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून हिचं नाव कोंडा ठेवलं. कोंडा म्हणजे तांदूळ सडल्यावर उरतो तो. असलं टाकाऊ नाव असलं की मरण तिकडं बघत नाही, अशी आमच्याकडं समजूत. ती उंचीला कमी, आवाजाला जास्त. नांगर धरणारा गडी दोन शेतांच्या पलीकडं असला तरी बांधावरनं त्याच्याशी भांडायची. दात मिश्रीनं काळे. भाजीत मीठ नेहमी कमी. म्हटलं तर म्हणायची, "वरनं घालता येतं, काडता येत न्हाई."

आम्हाला एक मुलगी झाली होती. सगुणा. चालायला लागली होती. एका पावसाळ्यात तापानं गेली. त्या काळात आमच्याकडं ताप हातानं बघायचे. हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, लय हाय. कोणी म्हणायचं, न्हाई, उतारलाय. माझी आई म्हणाली उतारलाय, आणि पहाटे पोर गार झाली. पुढं मूल झालं नाही.

कोंडाबाई त्यानंतर बरीच वर्षं बोलायची, पण वरवरचं बोलायची. भांडायची सुद्धा नाही. मला ते सोसवत नव्हतं. बाई भांडत नाही म्हणजे घरात कोणी नाही असंच वाटतं.

मग डॉक्टर आले. हिवतापाच्या कामाला लोणावळ्याहून सायकलीवर यायचे. काटकुळे, जाड भिंगाचा चष्मा, विजारीला क्लिप लावलेली. नाव घेत नाही, आम्ही सगळे नुसतं डॉक्टर म्हणायचो. देवळापुढं सतरंजी टाकून बसले आणि काचेची कांडी दाखवून म्हणाले, ही जिभेखाली धरायची, मग ताप किती ते कळतं.

कोणी पुढं येईना. एकाच्या तोंडातली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात, म्हणजे उष्टं. बायकांनी पदर तोंडाला लावले. आमचा शेजारी गेना मोठ्यानं म्हणाला, "डाक्टर, आदी तुमी चाटा की!" सगळे हसले. डॉक्टरही हसले. ते म्हणाले, "साबणानं धुतो मी प्रत्येक वेळी. आणि मी आधीच चाटलीय. मला ताप नाही, एवढंच निघालं."

तेवढ्यात कोंडाबाई बायकांतून उठली. सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"माज्या पोरीला ताप व्हता. किती व्हता त्यो?"

"कधी?"

"लय वर्सं झाली. ती गेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. डोळे पुसले का नुसता घाम पुसला ते मला लांबून दिसलं नाही. ते म्हणाले, "बाई, पारा जिथपर्यंत चढतो तिथं या कांडीत थांबून राहतो. माणूस गार झाला तरी पारा खाली येत नाही, झटकेपर्यंत. ही कांडी तेव्हा असती तर टोक कळलं असतं. न मोजलेलं टोक आता कोणालाच सांगता येणार नाही."

ती तिथंच बसली आणि तिनं तोंड उघडलं. गावात पहिली कांडी तिनं तोंडात धरली. मी मागं उभा होतो. तिनं मला विचारलं नव्हतं.

पुढं ती डॉक्टरांबरोबर वाड्यावस्त्यांवर जायला लागली. वर डोंगराच्या अंगाला ठाकरांची वस्ती आहे, तिथं सायकल जात नाही. तिथं ही एकटी जायची. तिला लिहावाचायला येत नव्हतं. आकडे डॉक्टरांनी शिकवले, पण ते कांडीवरचेच. कांडी पंच्याण्णवला चालू होते. म्हणून हिला पंच्याण्णवपासून पुढं एकशे दहापर्यंत आकडे येत होते, त्याच्या आधीचा एकही नाही. वाण्यानं पुड्यावर चाळीस लिहिलं तर हिला वाचता यायचं नाही. रेल्वेच्या इंजिनावर कुठं एकशे चार दिसलं की लांबून म्हणायची, "ह्याला लय ताप हाय, बगा."

डॉक्टरांना टोकांचं वेड होतं. आमच्याकडं चहाला बसले की तेच बोलायचे. मला निम्मं समजायचं. ते म्हणायचे की मधली माणसं सगळी सारखी दिसतात, त्यांच्याकडं बघून आजार कळत नाही. कोणाला तो सगळ्यात जोरात होतो आणि कोणाला अजिबात होत नाही, ती दोन टोकं बघायची. गोळीचंही तसंच. किती कमी दिली तर ताप हलत नाही आणि किती जास्त दिली तर माणूस सोसत नाही. "ही दोन टोकं सापडली की मधे माणूस वाचतो, कोंडाबाई. टोकं चुकली की माणूस चुकला."

मी ते ऐकून सोडून दिलं. तिनं धरून ठेवलं. लहान पोरानं बोट धरावं तशी धरायची, मग सोडायची नाही. तेव्हापासून कोणी येऊन म्हणालं की लय दुखतंय, की ही म्हणायची, "लय म्हंजे? लयात लय कवा दुखलं? आन् कमीत कमी कवा? टोक सांग." कोणी म्हणालं थोडा ताप आहे, की कडाडायची. "थोडा-बिडा मला सांगायचं न्हाई! थोडा म्हंजे कुटं? वरलं टोक सांग." थोडा हा शब्द आमच्या घरात चालत नव्हता. मी भात थोडा वाढ म्हटलं तरी विचारायची, म्हंजे किती.

आणि संध्याकाळी ते वरचं टोक नि खालचं टोक. दिवसातलं चांगल्यात चांगलं काय, वाईटात वाईट काय. आधी मला राग यायचा. माळीकाम करून आलेल्या माणसाला काय वरचं टोक असणार? मी म्हणायचो, "काय न्हाई." ती म्हणायची, "काय न्हाई असं नसतं. मधलं असतं, पर त्यालाबी दोन टोकं असत्यात." मग मी काहीतरी सांगायचो. गुलाबाला कळी आली. पायात काच गेली. होता होता अशी सवय झाली की दिवसा काही घडलं की मनात यायचं, हे संध्याकाळी सांगायचं.

आता सांगायचं ते त्या झटकण्याचं.

कांडी एकाला लावून झाली की पारा खाली आणायला झटकावी लागते. हिच्या मनगटाला ते बरोबर जमायचं. सट्, सट्, की पारा खाली. लोकांनी ते बघितलं आणि आपलं डोकं लावलं. ही कांडी तोंडात घालते, ताप कांडीत चढतो, मग ही झटकून टाकते, की उतरला ताप! मग काय, लोक बोलवायला यायला लागले. मावशी, मोजू नका, नुसतं झटकून जा. गेनाचा बैल हिव भरल्यागत थरथरत होता, तर त्यानं हिला गोठ्यात नेलं. "वैनी, त्येच्या शेपटाखाली दोन झटके द्या."

"तुज्याच शेपटाखाली देते," ही म्हणाली.

हसण्यावारी गेलं असतं. पण एका घरात ही ताप मोजून, झटकून, गोळ्या देऊन आली. त्यांनी गोळ्या चुलीत टाकल्या. म्हणाले ताप झटकलाय आता गोळी कशाला. चार दिवसांनी त्या घरातला कर्ता माणूस उचलून लोणावळ्याला न्यावा लागला. वाचला तो. पण ही दोन दिवस जेवली नाही. मग तिनं नवीच रीत काढली. कांडी तोंडात घालायच्या आधी माणसाच्या पुढ्यात झटकायची आणि म्हणायची, "हा तुजा न्हवं. आदल्याचा टाकला. तुजा आजून चडायचाय, त्याला गोळीच लागंल." दुसऱ्याचा ताप आपल्या अंगणात सांडला म्हणून लोकांनी तेही वाईट मानलं. पण गोळ्या खायला लागले.

मला ते झटकणं कधी जमलं नाही. एकदा मी करून बघितलं. हात खांद्यातून फिरवला आणि कांडी ओट्याच्या खांबाला. काच गेली आणि सारवलेल्या जमिनीवर पाऱ्याचे मणी पळाले. कोंबडी धावली त्यांच्यामागं. हिनं कोंबडीला लाथ घातली, मणी कागदात गोळा केले आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "निसाटली."

"कावळा हाकता काय तुमी? खांद्यातनं न्हवं, मनगटातनं. भाकरीचं पीठ हाताचं झटकावं तसं."

पुढच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा तिनं माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "खालचं टोक तिकडं बसलंय." डॉक्टर इतके हसले की चहा सांडला.

मी तापट. बोलायला लागलो की गाव ऐकतं. त्यावर हिनं एक औषध काढलं होतं. भांडण पेटलं आणि मी ओरडायला लागलो की ही पुढं यायची आणि माझ्या तोंडात कांडी घालायची. काच तोंडात असताना ओरडता येत नाही. चावली तर मराल, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. मी नाकानं फुसफुसत उभा. मग कांडी काढून बघायची. "ताप तर न्हाई. मंग वराडता कशापायी?" तोवर मी कशासाठी ओरडत होतो तेच विसरलेलो असायचो.

आणि तो गोल वाफा. डॉक्टर एकदा आमच्या अंगणात बसले होते. हिची कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी घेतली आणि जमिनीवर मांडली. आधी लांबोडकी, मग चौकोनी, मग गोल. म्हणाले, "दोरी तेवढीच आहे. पण बघा, गोल मांडली की आत जागा जास्तीत जास्त मावते. हेही टोकच. गणितातलं." हिनं मान हलवली. आठवड्यानं मी बंगल्यावरून घरी आलो तर परसातला माझा चौकोनी कूड उपटलेला. मधे खुंटी ठोकून, दोरी फिरवून, तेवढ्याच काठ्यांचा गोल कूड घातलेला.

"ह्ये काय केलंस?"

"जागा वाडली. डाक्टरांचं गणित हाय."

"आन् बैल कुटनं फिरवू? देवाला परदक्षिणा घालतो तसा?"

गेना कुडाबाहेरून म्हणाला, "आबा, घाण्याचा बैल आन. त्याला सवय असती."

डॉक्टर आल्यावर मी त्यांनाच धरलं. त्यांनी वाफ्याभोवती एक फेरी मारली. डोकं खाजवलं. "कोंडाबाई, गणित बरोबर आहे. पण माझ्या गणितात बैल धरला नव्हता."

"मंग धरायचा व्हता की!" ही म्हणाली. पण कूड काही तिनं मोडला नाही. पुढं सगळी वर्षं तो वाफा मी कुदळीनं खणला. त्या शेवटच्या संध्याकाळचे वाल त्यातलेच.

तिचं डॉक्टरांशी एकदाच वाजलं. ठाकरवाडीवर एक म्हातारा होता. पावसात गुरं शोधायला गेला आणि रात्रभर ओढ्याच्या काठाला पडून राहिला. सकाळी उचलून आणला तेव्हा लाकडासारखा. हिनं कांडी लावली. पारा हललाच नाही. पुन्हा लावली, तरी नाही. माणसं म्हणाली, संपला, बांबू तोडा. ही म्हणाली थांबा. म्हणाली, "कांडी हितं संपती. म्हातारा कुटं संपतो ते कांडीला काय म्हाईत?" हे तिनं घरी येऊन मला सांगितलं. तिला खात्री नव्हती, नुसता हट्ट होता. म्हाताऱ्याच्या दोन मुलांना तिनं उघडं करून त्याच्या दोन्ही अंगाला निजवलं, वर घोंगड्या घातल्या, आणि सगळ्यांना शिव्या देत बसली. दुपारी म्हाताऱ्यानं पाणी मागितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले चांगलं केलंत, पण हे माझ्या कामात धरता येणार नाही. मोजता आलं नाही ते मी कसं लिहू?

"मंग तुमची कांडी तोकडी हाय. म्हातारा न्हवं."

"हो," डॉक्टर म्हणाले. "तोकडीच आहे." ही एवढ्यावर थांबायची नाही, पण त्या दिवशी थांबली. घरी आल्यावर मला म्हणाली, "सगुणाचंबी असंच. ह्यांच्या कामात ती कुटंच न्हाई."

डॉक्टरांची मुंबईला बदली झाली. जाताना त्यांनी तिला आपली स्वतःची कांडी दिली, पितळी नळीतली. हात जोडून म्हणाले, "झटकायला विसरू नका." ती म्हणाली, "तुमी चष्मा इसरू नका." ते खरंच ओट्यावर विसरले होते. त्यांच्यामागं धावत जाऊन तिनं तो दिला. मग परत येऊन चुलीपुढं बसली आणि बराच वेळ फुंकणी हातात धरून नुसती बसली. चूल पेटलेलीच होती.

पुढं ते काम बंद झालं. पण लोक कांडीसाठी येत राहिले. मळवलीपासून लोणावळ्यापर्यंत घरात कांडी असलेली दुसरी बाई मला माहीत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती नळी कमरेला खोचून जायची. उन्हानं चक्कर आलेल्या बायांना सावलीत ओढायची, कांडी लावायची आणि मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा ओरडायची. एवढ्या वर्षांत माझ्या डोळ्यापुढं एकदाही असं झालं नाही की तिनं कांडी लावली आणि आकडा मोठ्यानं सांगितला नाही, किंवा घरी ती झटकल्याशिवाय नळीत ठेवली.

त्या रात्री ती लवकर निजली. पहाटे तिला श्वास घेता येईना. पहिल्या गाडीनं मी तिला लोणावळ्याला नेलं. गेनानं टेशनापर्यंत बैलगाडी हाकली. गाडीत ती माझ्या खांद्याला टेकून होती आणि अंग असं पोळत होतं की माझ्या बंडीतून लागत होतं. वलवणच्या बाजूला धरणावर धुकं होतं. ती तिकडं बघत होती. मी म्हटलं, "लय तरास हुतोय का?" तिनं डोळे माझ्याकडं वळवले. एरवी ती म्हणाली असती, लय म्हंजे किती. ती काही म्हणाली नाही. मला तेव्हाच समजलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी करायचं ते केलं. दोन्ही फुप्फुसं भरली होती म्हणाले. दुपारी ती गेली. मी पायाशी बसलो होतो. नर्स कांडी लावायला आली आणि तशीच मागं फिरली.

त्या रात्रीचं मी काही लिहीत नाही.

सकाळी राख सावडायला माणसं जमायची होती. अजून कोणी आलं नव्हतं. दारात वालाचं सूप तसंच होतं. ते कोणी उचललं नव्हतं. मी त्याच्याशेजारी बसलो होतो, तर परसाच्या बाजूनं हाक आली.

"आबा."

गेना त्या गोल कुडाच्या पलीकडं उभा होता. पायात काही नाही, डोक्याला काही नाही.

"मी आत येत न्हाई, आबा. तुमच्यात सुतक. आमच्यात सोयर हाय. न्हाई यायला पायजे, मला कळतंय." त्याची सून आठवड्यापूर्वी बाळंत झाली होती. "पर सून रातीपास्नं फणफणलीया. आई म्हंती, उतारलाय. मला न्हाई वाटत. बडबडतीया ती. वैनी असती तर…" मग म्हणाला, "ती कांडी हाय का?"

मी उठलो. देवळीत तिच्या कुंकवाच्या डबीशेजारी नळी होती. झाकण उघडलं, कांडी बाहेर काढली, उजेडाकडं धरली. तिनंच शिकवलं होतं मला, बोटात हळू फिरवायची, पाऱ्याची रेघ दिसते आणि जाते. फिरवली. रेघ दिसली.

पारा वर होता.

परवा संध्याकाळचा. तिनं झटकला नव्हता. आकडाही सांगितला नव्हता. हाय थोडा, म्हणाली होती. साऱ्या गावाला जो शब्द तिनं बोलू दिला नाही तो तिनं मला सांगितला होता, कारण आकडा ऐकला असता तर मी वाल तिथंच टाकून तिला पाठीवर घेऊन टेशन गाठलं असतं. तिला ते ठाऊक होतं. तिला त्या संध्याकाळी भात टाकायचा होता. मी तिला म्हटलं होतं, आता तुजं सांग. तिचं त्या दिवसाचं टोक त्या काचेत राहिलं होतं.

सगुणाचं कोणी मोजलं नाही. हिचं मोजलेलं माझ्या हातात होतं. ती राख झाली होती आणि तिच्या अंगातली ऊब तेवढी तिथं चढून थांबली होती. मी खरं सांगतो, मला वाटलं गेनाला म्हणावं, कांडी फुटली. लोणावळ्याला जा. ही कांडी मी नळीत घालून ठेवीन, आणि मी मरेपर्यंत पारा तिथंच राहील. तो आपोआप उतरत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आबा, हाय का?" बाहेरून गेना.

"थांब."

मी तिचा आकडा वाचला. देवळीकडं तोंड करून मोठ्यानं म्हटला, ती म्हणायची तसा. तो इथं लिहीत नाही.

मग मोरीवर जाऊन कांडी साबणानं धुतली. गार पाण्यानं. अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिलो, खांबापासून लांब. पहिला झटका दिला तेव्हा डोळे मिटले होते. बघितलं तर पारा तिथंच. दुसरा दिला, तरी तिथंच. माझा हात खांद्यातून चालला होता. कुडापलीकडून गेना बघत होता, पण आज तो काही बोलला नाही. मी हात खाली घेतला, कोपर अंगाला लावलं आणि मनगट सोडलं. भाकरीचं पीठ झटकावं तसं.

खाली आला. कांडीवर बऱ्या माणसाच्या अंगाची खूण म्हणून लाल बाण असतो, त्याच्या पार खाली.

कुडाच्या काठीवर मी कांडी ठेवली. हातात दिली नाही, सुतक होतं. गेनानं ती पदरात मूल घ्यावं तशी धोतराच्या सोग्यात घेतली.

"जिबंखाली धर म्हणाव. दात लावू नको," मी म्हटलं. "पारा कुटं थांबलाय तितं बोट धर आन् तशीच हिकडं घेऊन ये. झटकू नको. मी वाचतो. लय वर असंल तर गाडी जुंप, टेशनावर मी येतो."

"आबा, तुमाला सुतक…"

"गेना, तुज्या आयला सांग, उतारलाय म्हणायचं न्हाई. थोडा म्हणायचं न्हाई. मला वरलं टोक पायजे."

तो पळत गेला. मी तिथंच कुडाला धरून उभा राहिलो.